वारंवार मिसकॅरेज आणि "इम्यून प्रॉब्लेम": काय खरं, काय अर्धवट आणि काय नुसतंच विकलं जातं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३२, तीनदा दिवस राहिले, तिन्ही वेळा ६ ते ९ आठवड्यांत गर्भ गेला, एकदा तर ठोके दिसले आणि पुढच्या सोनोग्राफीत थांबलेले. रिपोर्टमध्ये एएनए (शरीराच्या स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटीबॉडी) १:८० वीक पॉझिटिव्ह, अँटीकार्डिओलिपिन नावाच्या अँटीबॉडीचा आयजीएम हा प्रकार थोडा वाढलेला (एकदाच तपासलेला), रक्तातल्या एनके सेल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) १८ टक्के. सांगितलं गेलंय की "तुमचं शरीर बाळाला परकं समजून मारून टाकतं", आणि त्यावर नवऱ्याच्या पांढऱ्या पेशींची इंजेक्शनं, इंट्रालिपिडचं सलाईन आणि स्टेरॉइडच्या गोळ्या असा प्लॅन दिलाय. करायचं का? आणि प्रोजेस्टेरॉन घ्यावं का?

माझं उत्तर, तो प्लॅन आत्ता करू नका. पण तुमच्या रिपोर्टमधली एक ओळ अशी आहे की जिच्याकडे खरं तर सगळ्यात आधी बघायला हवं होतं आणि तीच अर्धवट सोडून दिलीय, ती म्हणजे अँटीकार्डिओलिपिन. बाकी एनके, एएनए वगैरेवर एवढी चर्चा झाली आणि जी टेस्ट पूर्ण केली तर खरोखर उपचार मिळू शकतो ती एकदा करून फाईलला लावून टाकली. मी हे वर्षानुवर्षं बघतेय. जे सिद्ध झालंय ते घाईघाईत उरकायचं आणि जे सिद्ध नाही त्याचे मोठे मोठे पॅकेज, असा उलटा कारभार आहे या विषयात.

आधी त्या वाक्याबद्दल, कारण मला माहितीये ते डोक्यात किती रुतून बसतं. "शरीर बाळाला मारतं" हे ऐकून बाई घरी जाते आणि स्वतःला खुनी समजायला लागते, अक्षरशः. ही कल्पना आली कुठून तर १९५३ मध्ये पीटर मेडावर नावाच्या शास्त्रज्ञाने एक फार चांगला प्रश्न विचारला की बाळ अर्धं बापाचं असतं, म्हणजे आईसाठी अर्धं परकंच, मग परकी किडनी जशी शरीर नाकारतं तसं बाळाला का नाकारत नाही? प्रश्न बरोबर होता. त्यावरून लोकांनी गृहीत धरलं की मिसकॅरेज म्हणजे नाकारणं, तिथे गडबड झाली. कारण बाळ आईच्या रक्ताला थेट भेटतच नाही, भेटते ती वार, आणि वारेच्या बाहेरच्या पेशी फार हुशार आहेत. किडनी नाकारताना शरीर ज्या खुणा ओळखतं, म्हणजे एचएलए ए आणि बी, त्या या पेशी दाखवतच नाहीत, त्याऐवजी एचएलए जी सारख्या वेगळ्याच खुणा दाखवतात ज्या इतर अवयवांमध्ये जवळपास नसतात. आणि साधा विचार करा, दुसऱ्या बाईचं बीज घेऊन जेव्हा गर्भ ठेवतात तेव्हा तो गर्भ आईला अर्धा नाही, पूर्ण परका असतो, तरी हजारो बायकांना अशी मुलं झालीत. परकेपणा हाच जर गुन्हा असता तर त्यातलं एकही टिकलं नसतं.

आता एनके सेल. नॅचरल किलर हे नाव ज्याने ठेवलं त्याने गर्भार बायकांचं फार नुकसान केलंय असं मी गमतीने म्हणते. नाव ऐकूनच माणूस घाबरतो. पण गंमत अशी की गर्भपिशवीच्या अस्तरात पहिल्या तीन महिन्यांत ज्या पांढऱ्या पेशी असतात त्यातल्या साधारण ७० टक्के याच कुळातल्या असतात आणि त्या मारत वगैरे नाहीत, उलट आईच्या बारीक रक्तवाहिन्या रुंद करायला मदत करतात म्हणजे वारेला रक्त नीट मिळावं. त्या कमी पडल्या किंवा त्यांचं आणि वारेचं जमलं नाही तरच पुढे बीपी वाढणं, बाळाची वाढ खुंटणं असले त्रास होऊ शकतात असा आता विचार आहे. म्हणजे त्या तिथे असणं चांगलं. आणि तुमची टेस्ट तर पिशवीतल्या पेशींची नाहीच, हातातून काढलेल्या रक्ताची आहे. रक्तातल्या एनके वेगळ्या प्रकारच्या असतात, रक्ताकडे बघून पिशवीत काय चाललंय ते कळत नाही. शिवाय हा आकडा व्यायाम केला, ताण आला, अगदी सुईची भीती वाटली तरी वर जातो. निरोगी माणसांतही हा आकडा साधारण ५ ते २९ टक्के असू शकतो, त्यात तुमचे १८ म्हणजे मला काहीच सांगत नाहीत. या आकड्यावरून मी तरी कधीच औषध ठरवत नाही.

आता मुद्द्याचं. प्रतिकारशक्तीमुळे वारंवार गर्भ जातो असं ज्या एका आजाराबद्दल आपण छातीठोकपणे म्हणू शकतो तो म्हणजे अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम, आम्ही एपीएस म्हणतो. १९८३ पासून हा आजार नीट ओळखला जातो. वारंवार गर्भपात होणाऱ्या बायकांमध्ये साधारण १५ टक्क्यांपर्यंत या अँटीबॉडी सापडतात असं धरलं जातं, म्हणजे दुर्मिळ नाही, पण बहुतेकांना नसतो हेही लक्षात घ्या. यात शरीर बाळावर चिडलेलं नसतं. पेशींच्या आवरणाला चिकटलेल्या काही प्रोटीनवर अँटीबॉडी तयार होतात, त्या वारेच्या पेशींना चिकटतात, त्यांची वाढ आणि रुजणं बिघडवतात, आजूबाजूला सूज निर्माण करतात आणि काही वेळा बारीक गुठळ्याही होतात. पूर्वी सगळं गुठळ्यांवर ढकलायचे, पण ७-८ आठवड्यांत गर्भ गेला तर तिथे गुठळी होण्याएवढा रक्तप्रवाहच अजून सुरू झालेला नसतो, त्यामुळे लवकरच्या मिसकॅरेजमध्ये वारेच्या पेशींना थेट इजा आणि सूज हेच जास्त पटतं.

यासाठी तीन टेस्ट लागतात आणि तिन्ही लागतात. लुपस अँटिकोअॅग्युलंट, अँटीकार्डिओलिपिनचे आयजीजी आणि आयजीएम (हे अँटीबॉडीचे दोन प्रकार), आणि अँटी बीटा टू ग्लायकोप्रोटीन वनचे आयजीजी आणि आयजीएम. तुमच्याकडे फक्त एकच झालीय. यातली लुपस अँटिकोअॅग्युलंट सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तीच सगळ्यात जास्त चुकते. एक तर नाव फसवं, लुपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा एक आजार) नसलेल्या बायकांतही ती येते आणि नळीत रक्त गोठायला उशीर लावते पण शरीरात गुठळ्या करते, दोन्ही बाजूंनी उलटं. दुसरं, नमुना दोनदा फिरवून त्यातल्या प्लेटलेट काढाव्या लागतात, नाहीतर टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. हेपरिनची इंजेक्शनं चालू असताना केली तर रिपोर्ट गंडतो, वॉरफरिनसारख्या गोळ्या चालू असतील तरी गंडतो. आणि नुसती एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी नेहमीची टेस्ट) नॉर्मल आली म्हणून "लुपस अँटिकोअॅग्युलंट नाही" असं लिहून देणारे असतात, ते चूक आहे, त्यासाठी वेगळी पद्धत, डीआरव्हीव्हीटी नावाची, आणि सोबत एक संवेदनशील एपीटीटी अशा दोन करतात. लॅबला विचारायला लाजू नका की कुठल्या पद्धतीने करता.

मग येतो १२ आठवड्यांचा नियम. कुठलाही साधा ताप, व्हायरल, इन्फेक्शन झालं की या अँटीबॉडी, विशेषतः आयजीएम, थोड्या दिवसांसाठी वर जातात आणि परत खाली येतात. म्हणून पॉझिटिव्ह आली की कमीत कमी १२ आठवड्यांनी परत करायची आणि दोन्ही वेळा आली तरच एपीएस म्हणायचं. किती वाढली तेही बघायचं, कार्डिओलिपिन साधारण ४० युनिटच्या वर असेल तर आम्ही गंभीरपणे घेतो, १२-१५-२० असल्या बॉर्डरलाइन आकड्यांवर आयुष्यभराचा शिक्का मारायचा नसतो. तुमचं "थोडं वाढलेलं" नेमकं किती ते तुम्ही लिहिलं नाहीये, रिपोर्टवर युनिट बघा. मिसकॅरेजनंतर लगेच टेस्ट करू नये, साधारण ६ आठवडे जाऊ द्यावेत. आणि हो, २०२३ मध्ये याचे नवीन निकष आलेत ज्यात नुसत्या आयजीएमला आणि नुसत्या लवकरच्या मिसकॅरेजला फारच कमी मार्क दिलेत, त्यावरून काही जणींना सांगितलं गेलं की तुम्हाला एपीएस नाहीच, औषध बंद. पण ते निकष संशोधनासाठी पेशंट निवडायला बनवलेत, समोर खुर्चीत बसलेल्या बाईचा उपचार ठरवायला नाहीत. तो निर्णय डॉक्टरने तुमची सगळी हिस्टरी बघून घ्यायचा असतो.

आणि समजा एपीएस निघाला तर खरं सांगू, मला जरा हायसंच वाटतं, कारण मग करण्यासारखं काहीतरी हातात असतं. लो डोस अॅस्पिरिन, ७५ ते १०० मिलिग्रॅम, दिवस राहण्याआधीपासून, आणि प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आली की पोटाच्या त्वचेखाली हेपरिनचं (रक्त पातळ करणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन रोज. १९९७ मध्ये ९० बायकांवर झालेल्या अभ्यासात नुसत्या अॅस्पिरिनवर ४२ टक्के बाळं हाती आली आणि अॅस्पिरिन अधिक हेपरिनवर ७१ टक्के. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत फरक एवढा मोठा दिसला नाही पण उपचार आजही हाच आहे. हेपरिन वार ओलांडून बाळाकडे जात नाही, पोटावर काळेनिळे डाग पडतात त्याला घाबरू नका. मजा म्हणजे हे नुसतं रक्त पातळ करूनच काम करत नाही, २००४ मध्ये उंदरांवर दाखवलं गेलं की हेपरिन कॉम्प्लिमेंट नावाची सूज आणणारी साखळी थांबवतं, आणि तेवढंच रक्त पातळ करणारी दुसरी औषधं दिली तर पिल्लं वाचली नाहीत. म्हणजे इम्यून ट्रीटमेंट म्हणाल तर हीच खरी इम्यून ट्रीटमेंट, फक्त तिला तसं भारी नाव नाही. मात्र याचा अर्थ असा नाही की एपीएस नसताना पण घ्यावं. "कशाला रिस्क, देऊन टाकू" म्हणून सरसकट हेपरिन टोचलं जातं. गर्भ जाण्याचं कारण न सापडलेल्या बायकांत २०१० च्या मोठ्या अभ्यासात अॅस्पिरिन किंवा अॅस्पिरिन-हेपरिनने काही फरक पडला नाही, आणि जन्मजात गुठळीची प्रवृत्ती असणाऱ्यांत २०२३ च्या अभ्यासात हेपरिनवाल्यांत ७२ टक्के आणि न घेणाऱ्यांत ७१ टक्के बाळं झाली. नऊ महिने रोज सुई आणि फरक एका टक्क्याचा.

एएनए १:८० विसरून जा. निरोगी माणसांत सर्रास सापडतं. सांधे दुखणं, तोंडात फोड, उन्हाने चट्टे, केस जाणं असलं काही असेल तर गोष्ट वेगळी, मग लुपससाठी नीट तपासावं लागतं. थायरॉइडविरुद्धच्या टीपीओ अँटीबॉडी कुणी केल्या आणि पॉझिटिव्ह आल्या तर टीएसएच (थायरॉइड नीट चालतंय का ते सांगणारी टेस्ट) बघा, टीएसएच बिघडलेला असेल तर गोळी जरूर घ्या, पण टीएसएच नॉर्मल असताना नुसत्या अँटीबॉडीसाठी गोळी दिली तर २०१९ च्या अभ्यासात गोळीवर ३७.४ आणि नकली गोळीवर ३७.९ टक्के बाळं, म्हणजे फरक काहीच नाही. टॉर्च टेस्ट (टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला वगैरे इन्फेक्शनची) कुणी सांगितली तर वारंवार मिसकॅरेजसाठी तिचा उपयोग नाही, पैसे वाचवा.

आता तुमचा प्लॅन. नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी टोचण्यामागे थिअरी अशी होती की आईच्या शरीरात बाळाला झाकणाऱ्या "ब्लॉकिंग अँटीबॉडी" तयार व्हायला हव्यात आणि त्या होत नाहीत म्हणून गर्भ जातो. १९८५ मध्ये एका छोट्या अभ्यासात छान रिझल्ट आले आणि जगभर सुरू झालं. मग लक्षात आलं की त्या अँटीबॉडी व्यवस्थित बाळंत होणाऱ्या बऱ्याच बायकांतही नसतात. आणि १९९९ मध्ये नीट अभ्यास झाला, अर्ध्या बायकांना नवऱ्याच्या पेशी, अर्ध्यांना नुसतं मीठपाणी. मीठपाणीवाल्यांत ४८ टक्के यशस्वी, पेशीवाल्यांत ३६. उपयोग तर सोडाच, उलट कमी. शिवाय हे एक प्रकारे रक्त चढवण्यासारखंच आहे, इन्फेक्शनचा धोका, रिअॅक्शन, आणि पुढे कधी आईला अवयव किंवा प्लेटलेट लागले तर अडचण करणाऱ्या अँटीबॉडी. २००२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रकाने, हे संशोधनाच्या परवानगीशिवाय करायचं नाही असं कळवलं. तरी चालूच आहे, का ते पुढे सांगते.

इंट्रालिपिड म्हणजे सोयाबीन तेल आणि अंड्यातल्या फॉस्फोलिपिडचं दुधासारखं सलाईन, जे आयसीयूत तोंडाने खाता न येणाऱ्या पेशंटला पोषणासाठी देतात. ते एनके सेल शांत करतं म्हणतात, म्हणजे ज्या पेशी दोषीच नाहीत त्यांना शांत करायचं. चांगला पुरावा नाही. स्टेरॉइडचं मात्र मला जास्त वाईट वाटतं कारण ते निरुपद्रवी नाही. १९९७ चा एक अभ्यास आहे, अँटीबॉडी असणाऱ्या २०२ बायका, प्रेडनिसोन आणि अॅस्पिरिनवर ६५ टक्के बाळं आणि नकली गोळीवर ५६, हा फरक योगायोगाचाही असू शकतो एवढाच, पण वेळेआधी बाळंतपण ६२ टक्के विरुद्ध १२ टक्के! शुगर, बीपी वेगळंच. तुम्ही जर गोळ्या सुरू केल्या असतील आणि दोन-तीन आठवड्यांच्या वर झाले असतील तर मात्र एकदम स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरला विचारून हळूहळू कमी करायच्या.

आयव्हीआयजीबद्दल, म्हणजे रक्तदात्यांच्या अँटीबॉडी शिरेतून देण्याबद्दल, थोडं वेगळं बोलावं लागेल, सगळंच बोगस म्हणून मोकळं होता येत नाही. जुन्या अभ्यासांत फायदा दिसला नव्हता, पण २०२२ मध्ये जपानमध्ये चार किंवा जास्त वेळा कारणाशिवाय गर्भ गेलेल्या बायकांना अगदी सुरुवातीलाच मोठा डोस पाच दिवस दिला, त्यात ५८ टक्के बाळं झाली आणि न मिळालेल्यांत ३५. अभ्यास लहान आहे, शंभरेक बायका, तरी दखल घेण्यासारखा. पण ती चार किंवा जास्त मिसकॅरेजवाली, बाकी सगळं तपासून झालेली बाई, आणि डोस प्रचंड. दोन मिसकॅरेजनंतर एखादी बाटली लावायची याला त्या अभ्यासाचा आधार नाही.

मग हे सगळं "काम करतं" असं का वाटतं? कारण तुमच्यासारख्या, पस्तिशीच्या आतल्या, तीन मिसकॅरेज झालेल्या आणि कारण न सापडलेल्या बायकांना पुढच्या वेळी काहीच न देता सुद्धा १०० पैकी साधारण ६० ते ७० जणींना बाळ होतं. आता मी या शंभर जणींना पाण्याचं इंजेक्शन दिलं तरी सत्तर जणी पेढे घेऊन येणार, माझ्या भिंतीवर सत्तर बाळांचे फोटो लागणार, आणि त्या सत्तर जणी आपल्या मैत्रिणींना शपथेवर सांगणार की इंजेक्शनानेच झालं. ज्या तीस जणींचं जमलं नाही त्या गप्प दुसरीकडे जातात. डॉक्टर खोटंच बोलत असतो असंही नाही हो, त्यालाही ते सत्तर फोटोच दिसत असतात, त्याचाही विश्वास बसलेला असतो. म्हणून तर मीठपाण्याशी तुलना केलेला अभ्यास मागायचा, अनुभव नाही, माझाही नाही.

तुमच्या फाईलमध्ये मला जे दिसत नाहीये ते म्हणजे गेलेल्या गर्भाची क्रोमोझोम तपासणी. पहिल्या तीन महिन्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत क्रोमोझोमची गडबड असते, आणि आईचं वय वाढेल तसं ते वाढत जातं. तसं असेल तर प्रतिकारशक्तीचं कुठलंही औषध देऊन उपयोग नव्हताच. तिन्ही वेळा तो भाग फेकून दिला गेला. देव करो आणि वेळ न येवो, पण आलीच तर क्युरेटिंगच्या आधी सांगून ठेवा की नमुना फॉर्मलिनमध्ये न टाकता मायक्रोअॅरेला, म्हणजे क्रोमोझोमच्या तपासणीला, पाठवायचाय. बाकी पिशवीचा थ्रीडी सोनोग्राफीने आकार बघणं (मधला पडदा वगैरे), टीएसएच, नवरा-बायको दोघांचं कॅरिओटाइप (रक्तातून क्रोमोझोम तपासणं) गरजेप्रमाणे, हे झालं नसेल तर ते आधी.

खरे इम्यून आजार आणखी आहेत, पण विरळा. एकात वारेच्या मोकळ्या जागांत आईच्या पांढऱ्या पेशी गर्दी करतात, इंटरव्हिलोसायटिस म्हणतात, तो परत परत होतो आणि तो फक्त वारेचा तुकडा पॅथॉलॉजिस्टने मायक्रोस्कोपखाली बघितला तरच सापडतो, कुठल्याही रक्ततपासणीत नाही. दुसरा म्हणजे रक्तगटातल्या पी नावाच्या खुणेविरुद्धच्या अँटीबॉडी, फारच क्वचित. आरएच निगेटिव्ह असण्याने ६-८ आठवड्यांचे गर्भ वारंवार जात नाहीत, तो धोका पुढच्या महिन्यांतल्या बाळाला, पण तुम्ही निगेटिव्ह असाल तर अँटी डी इंजेक्शनाबद्दल मात्र विचारून घ्या.

प्रोजेस्टेरॉनबद्दल, म्हणजे गर्भ टिकायला लागणाऱ्या हार्मोनबद्दल, तुम्ही शेवटी विचारलंय. सगळ्यांना सरसकट दिलं तर फारसा फरक नाही, २०१५ च्या अभ्यासात ते घेणाऱ्यांत ६५.८ आणि न घेणाऱ्यांत ६३.३ टक्के बाळं झाली. पण आधी तीन किंवा जास्त मिसकॅरेज आणि या वेळी सुरुवातीला रक्तस्राव दिसला, अशा बायकांत २०१९ च्या अभ्यासात ७२ विरुद्ध ५७ टक्के. म्हणजे तुम्हाला पुढच्या वेळी डाग दिसला की त्याच दिवशी फोन करायचा आणि योनीमार्गातून ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करायचं, हे आत्ताच तुमच्या डॉक्टरशी ठरवून ठेवा.

तर आत्ता करायचं ते एवढंच. शेवटच्या मिसकॅरेजला ६ आठवडे होऊन गेलेत आणि हेपरिन चालू नाही याची खात्री करून तिन्ही अँटीबॉडी टेस्ट एकत्र करा, ताप-सर्दी झाली असेल तर थोडे दिवस थांबून. यात काही पॉझिटिव्ह आलं तर १२ आठवड्यांनी परत, त्याच लॅबमध्ये. दरम्यान दिवस राहू देऊ नका, कारण गरोदरपणात आणि हेपरिनवर असताना पहिल्या रिपोर्टचा अर्थ लावणं कठीण होऊन बसतं. फॉलिक अॅसिड चालू ठेवा. आणि या मधल्या काळात राहिलेच दिवस, होतं असं, तर दुसऱ्या रिपोर्टची वाट न बघता प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आल्याच्या दिवशीच डॉक्टरला दाखवा, पहिला रिपोर्ट सोबत घेऊन, हेपरिन सुरू करायचं की नाही ते त्यावर ठरवता येतं.